घरी बसून ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ बघायचंय? मग हे आधी वाचा

‘सेंट मॅथ्यू पॅशन’ म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या (मॅथ्यूच्या) शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची आणि मृत्यूची कथा, जर्मन संगीतकार बाखने गाण्यात बांधलेली. ते यूट्यूबवर लावणारे पुष्कळ असतात, शेवटपर्यंत टिकणारे थोडे. कारण उघड आहे. पावणेतीन तास, सगळं जर्मनमध्ये, मंचावर कुणी हलत नाही, काळ्या कपड्यांतली माणसं हातात वह्या धरून उभी. सुरुवातीचं समूहगान भारावून टाकतं. मग एक माणूस ऑर्गनच्या साथीवर बोलल्यासारखं काहीतरी गाऊ लागतो आणि आपला हात फोनकडे जातो.

त्यावर पाश्चात्त्य संगीताचं शास्त्र शिकणं हा उपाय नाही. या क्षणी कोण बोलतंय आणि कुणाशी, एवढं कळलं की माणूस टिकतो. हा सगळा लेख त्याचीच तयारी आहे. समूहगायनाची कुठलीही मोठी मैफल घरी बघताना यातलं बरंच कामी येईल, पण मी उदाहरण मुद्दाम एकच घेतलंय. दहा रचनांबद्दल थोडंथोडं वाचून कुणी पडद्यासमोर तीन तास बसत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय २६ आणि २७, मराठीत
- जर्मन शब्द आणि शेजारी इंग्रजी अर्थ असलेली संहिता, कागदावर छापलेली
- लाल पेन
- वायरचे हेडफोन किंवा डावा-उजवा असे दोन वेगळे स्पीकर
- लागोपाठच्या दोन मोकळ्या संध्याकाळी

यादीतली पहिली वस्तू सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. बाखने या रचनेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या जर्मन बायबलमधले हे दोन अध्याय ओळीने, एकही वचन न गाळता घेतले आहेत. म्हणजे कथेच्या भागाचं भाषांतर शोधत बसायची गरजच नाही, मराठी बायबलमध्ये ते तयार आहे आणि ऑनलाइन फुकट वाचता येतं. पेत्र, यहूदा, कयफा, पिलात, बरब्बा ही सगळी मंडळी तिथे भेटतात. बघायला बसायच्या आदल्या दिवशी दोन्ही अध्याय एकदा सलग वाचून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचा धर्म कुठला, तुम्ही देव मानता की नाही, याचा इथे काही संबंध नाही. गोष्ट माहीत असली पाहिजे, बस.

१. रेकॉर्डिंग निवडा, आणि एकच निवडा

शोधताना रोमन लिपीत बी, डब्ल्यू, व्ही ही तीन अक्षरं आणि पुढे २४४ हा आकडा टाका. बाखच्या रचनांच्या सूचीतला हा या रचनेचा क्रमांक. नावाने शोधलं तर पाच-पाच मिनिटांचे तुकडे ढिगाने येतात, आकड्याने शोधलं की पूर्ण प्रयोग हाताला लागतात.

पहिल्यांदा बघणाऱ्यांना मी नेदरलँड्स बाख सोसायटीचं, योस फान फेल्डहोवन यांच्या संचालनाखालचं रेकॉर्डिंग सुचवेन. ते मोफत आहे. ही संस्था १९२१ मध्ये स्थापन झाली तीच मुळी नार्डन या गावच्या मोठ्या चर्चमध्ये हे पॅशन दरवर्षी सादर करता यावं म्हणून. बाखची प्रत्येक रचना चित्रित करून सगळ्यांसाठी खुली ठेवण्याचा त्यांचा प्रकल्पही चालू आहे. गायक मोजके, वाद्यं बाखच्या काळातल्या घडणीची, आणि कॅमेरा शहाणा: जो गातोय किंवा जे वाद्य महत्त्वाचं आहे, त्याच्यावर तो वेळेत पोहोचतो. नवख्या प्रेक्षकाला याची फार मदत होते.

याच्या अगदी उलट टोकाचं हवं असेल तर कार्ल रिख्टर यांचं १९७१ चं चित्रीकरण आहे. भलामोठा समूह, आधुनिक वाद्यं, संथ चाल, गायकांच्या डोक्यावर टांगलेला प्रचंड क्रूस. निवेदकाच्या भूमिकेत पेटर श्रायर आहेत आणि ते अप्रतिम गातात. पण ते तीन तासांच्याही पुढे जातं, म्हणून दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

इथला सापळा असा की माणसं चार रेकॉर्डिंगं उघडतात, प्रत्येकाची पहिली सात मिनिटं ऐकतात आणि ‘कुठलं चांगलं’ यावर संध्याकाळ घालवतात. पहिल्या वेळी ही तुलना निरर्थक आहे.

घरात पेटी असेल तर आणखी एक गंमत. सुरुवातीचं गान ई मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पांढरी तीनमध्ये. पण जुन्या वाद्यांचे संच आजच्या ४४० हर्ट्झऐवजी साधारण ४१५ वर, म्हणजे अर्धा स्वर खाली मिळवलेले असतात, म्हणून पेटीवर शोधलंत तर षड्ज काळी दोनवर सापडेल. पेटी बिघडलेली नाही.

२. आवाजाची व्यवस्था

ही रचना दोन समूह आणि दोन वाद्यवृंद धरून लिहिलेली आहे. ते एकमेकांसमोर उभे राहून प्रश्नोत्तरं करतात: एक म्हणतो ‘बघा!’, दुसरा विचारतो ‘कुणाला?’ फोनच्या स्पीकरवर हे दोन्ही आवाज एकाच भोकातून येतात आणि संवाद संपतो. म्हणून डावा-उजवा भेद राखणारी व्यवस्था हवी. हेडफोन उलटे घातले नाहीत ना, एवढंही बघून घ्या.

वायरचे म्हटलं कारण ब्लूटूथवर काही वेळा आवाज ओठांच्या मागे पडतो. सिनेमात ते खपून जातं, पण निवेदकाचं तोंड जवळून दिसत असताना फार खटकतं.

टीव्हीवर बघणार असाल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘नाइट मोड’, ‘क्लिअर व्हॉइस’ असं जे काही असेल ते बंद करा. ही सोय हळू आवाज वर ओढते आणि मोठा खाली दाबते. इथे एकट्या माणसाच्या कुजबुजीनंतर अख्खा जमाव अंगावर येतो, तो फरकच निघून गेला तर उरलं काय?

आवाजाची पातळी सुरुवातीच्या समूहगानावर ठरवू नका. त्याच्यानंतर निवेदकाचं पहिलं वाक्य येतं, तिथे थांबून त्याचे शब्द सहज ऐकू येतील इतका आवाज ठेवा आणि मग रिमोट दूर ठेवून द्या. पुढे जमाव ओरडेल तेव्हा शेजारी काय म्हणतील, ते नंतर बघू.

आणि पंखा. गुड फ्रायडे मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि आपल्याकडे तेव्हा पंख्याशिवाय बसवत नाही, मान्य. पण निवेदकाच्या साथीला बऱ्याचदा एक चेलो (खर्जाचं मोठं व्हायोलिन) आणि छोटा ऑर्गन एवढंच असतं, आणि छताचा पंखा ते गिळून टाकतो. हेडफोन असतील तर प्रश्न मिटला, नाहीतर उशिरा, हवा जरा पडल्यावर बसा. कुकरच्या शिट्ट्याही तोवर आटोपलेल्या असतात.

यूट्यूबवरच्या जाहिराती हा मोठा शत्रू. महिन्यापुरती जाहिरातमुक्त सेवा घेता आली तर घ्या. येशूचा प्राण जाताना मध्येच डिटर्जंट आलेला कुणालाच नको असतो. ऑटोप्लेही बंद करा. शेवटच्या सुरानंतर दोन सेकंदांत भलतंच काही सुरू होतं.

३. दोन रात्रींत विभागा

एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. ही फाळणी माझ्या मनची नाही, बाखच्या काळातलीच आहे. ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये हे पहिल्यांदा गायलं गेलं असं मानतात. तेव्हा ते मैफल म्हणून नव्हे, तर दुपारच्या उपासनेचा भाग म्हणून गायलं जाई आणि दोन भागांच्या मध्ये धर्मगुरूंचं लांबलचक प्रवचन असे. त्या प्रवचनाच्या जागी तुम्ही एक रात्र झोप काढा.

पहिला भाग साधारण सव्वा तासाचा, अध्याय २६ मधल्या ५६ व्या वचनापर्यंत: बेथानीतलं तेल, यहूदाचा सौदा, शेवटचं भोजन, गेथशेमाने बाग, अटक, शिष्यांचं पळून जाणं. दुसरा भाग त्याहून लांब, तिथपासून थेट कबरीवर शिक्का मारेपर्यंत. पुनरुत्थान यात नाही. गोष्ट कबरीशीच थांबते, तेव्हा पुढचा भाग शोधत बसू नका.

४. कोण बोलतंय ते ओळखा

खरी किल्ली इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

निवेदक हा तार आवाजाचा पुरुष गायक, म्हणजे टेनर. तो कथा सांगतो: मग येशू म्हणाला, मग पेत्र बाहेर गेला. त्याच्या गाण्याला ठरीव ताल नसतो, बोलण्याची गती असते. इथे डोळे मराठी बायबलवर ठेवा, बोट वचनावर.

येशू हा खर्जाचा आवाज. तो बोलू लागला की तंतुवाद्यं लांब सूर धरून त्याच्याभोवती पसरतात. बाकी कुणाच्या बोलण्याला हा मान नाही. चित्रातल्या संतांच्या डोक्यामागे प्रभामंडळ असतं तसं हे स्वरांचं. एकदा कानाला कळलं की डोळे मिटूनही तो बोलतोय हे ओळखता येतं.

समूह दोन प्रकारे येतो आणि घोटाळा इथेच होतो. कधी तो कथेतला जमाव असतो: शिष्य, पुरोहित, लोक. तेव्हा गाणं थोडकं, धारदार, एकमेकांवर चढणारं. कधी तो चर्चमधल्या भाविकांच्या वतीने कोराल म्हणजे ल्यूथरपंथी भक्तिगीत गातो. तेव्हा सगळे एकदम, एकाच लयीत, ओळीओळीला थांबत गातात. त्या चाली लाइपझिगच्या लोकांना पाठ होत्या.

उरल्या एकल गायकांच्या आरिया. इथे कथा थांबते आणि कुणीतरी, ज्याला नाव नाही, घडलेल्या गोष्टीवर बोलतं. हे शब्द बायबलमधले नाहीत, पिकांडर या टोपणनावाने लिहिणाऱ्या लाइपझिगच्या कवीचे आहेत. पुष्कळ आरियांमध्ये पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, तेव्हा ‘हे तर मघाशी झालं’ म्हणून पुढे ढकलू नका. खालच्या पट्टीतल्या आरिया कधी बाई गाते, तर कधी उंच स्वरात गाणारा पुरुष. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, दोन मिनिटांत सवय होते.

वसईत किंवा गोव्यात चर्चच्या वातावरणात वाढलेल्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल. कॅथलिक चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचं वाचन निवेदक, येशू आणि जमाव असं वाटून करतात, आणि तीन वर्षांतून एकदा पाळी मत्तयाची येते. बाख ल्यूथरपंथी होता, पण मूळ पद्धत दोघांचीही जुनीच.

आता लाल पेन. छापलेल्या संहितेत बायबलमधल्या ओळींखाली लाल रेघ मारा. बाखने १७३६ च्या सुमारास स्वतःच्या हाताने जी देखणी प्रत तयार केली, तिच्यात त्यानेही बायबलचे शब्द लाल शाईनेच लिहिलेत. बघताना नजर टाकली की कळतं: लाल म्हणजे कथा, बाकीचं म्हणजे कथेवरचं मनोगत.

एक तांत्रिक सापळा: भागांना क्रमांक देण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनीत ७८ भाग, नवीत ६८. संहिता एका पद्धतीची आणि व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीचा असला तर अर्ध्या वाटेत आकडे जुळेनासे होतात आणि शेवटी दहाचा फरक पडतो. संहिता उतरवून घेताना शेवटचा आकडा बघा. खाली मी नवे क्रमांक दिलेत.

५. पहिल्या रात्री या जागा चुकवू नका

क्रमांक १. दोन समूहांच्या प्रश्नोत्तरांच्या वर एक तिसराच आवाज तरंगत येतो, फक्त उंच स्त्री-आवाजांचा किंवा मुलांचा, आणि तो स्वतंत्र कोराल गात असतो. पहिल्या ऐकण्यात हा बहुतेकांना ऐकूच येत नाही. कॅमेरा त्या गटाकडे वळला की कान तिकडे न्या.

क्रमांक ९ आणि १०. तुमच्यापैकी एकजण मला धरून देईल, असं येशू म्हणतो. शिष्य एकमेकांवर आदळत विचारतात, ‘प्रभो, मी तो आहे का?’ प्रश्न मोजलेत तर अकरा भरतात. बारावा विचारत नाही. त्याच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, भाविकांचं कोराल सुरू होतं आणि त्याचे पहिले शब्द आहेत: ‘तो मी आहे.’ यहूदाकडे बोट दाखवायची सोयच बाख ठेवत नाही. संहिता हातात नसेल तर ही जागा नुसतं एक गोड गाणं म्हणून निघून जाते. एवढ्या एका जागेसाठीसुद्धा छपाईचा खर्च वसूल आहे.

क्रमांक १५ आणि १७. एकच चाल, दुसऱ्यांदा अर्धा स्वर खाली. ही चाल पूर्ण रचनेत पाचदा येते आणि तिचे शब्द व स्वरमेळ बदलत जातात. हान्स लिओ हास्लरच्या १६०१ मधल्या प्रेमगीताची ही चाल. नंतर चर्चने ती उचलली. संहितेत पाचही ठिकाणी फुली मारून ठेवा: १५, १७, ४४, ५४, ६२.

क्रमांक २७. येशूला बांधून नेताहेत. दोन बायका विलाप करताहेत आणि समूह मध्येच ओरडतो: सोडा त्याला, थांबा, बांधू नका! मग एकदम विजा आणि गडगडाट. चेलोवाल्यांचे हात बघा.

६. दुसरी रात्र

आज सोबत कुणी असेल तर त्यालाही संहितेची एक प्रत द्या. हे काय चाललंय, असं कुणी दर पाच मिनिटांनी विचारत राहिलं तर दोघांचीही रात्र वाया.

पेत्राने तिसऱ्यांदा नाकारल्यावर कोंबडा आरवतो. ‘आणि तो बाहेर जाऊन फार रडला’ हे वाक्य निवेदक ज्या वळणावळणाने गातो ते लक्षात ठेवा, कारण लगेच क्रमांक ३९ मध्ये एकटं व्हायोलिन तेच रडणं पुढे चालवतं. ही या रचनेतली सगळ्यात प्रसिद्ध आरिया आहे आणि ते योग्यच आहे. गायिकेइतकंच व्हायोलिनवाल्याकडेही बघा.

क्रमांक ४५ ला पिलात विचारतो, कुणाला सोडू? जमावाचं उत्तर एका शब्दाचं: ‘बरब्बा!’ एकच कर्कश स्वरमेळ, शिंकलात तर निसटेल. मग ‘त्याला वधस्तंभावर खिळा’. थोड्या वेळाने, क्रमांक ५० ला, हेच गान पुन्हा येतं, पण एक पूर्ण स्वर वर चढवून. या दोन आरोळ्यांच्या मध्ये क्रमांक ४९ आहे: एक स्त्री-आवाज, एक बासरी आणि दोन ओबो दा काच्चा, म्हणजे सनईच्या जातीची, चामड्याने मढवलेली बाकदार शिकारी ओबो. खाली आधाराला चेलो नाही, ऑर्गन नाही. सगळ्या रचनेचा पाया या काही मिनिटांपुरता काढून घेतलाय. माझ्या मते संपूर्ण रचनेतली सर्वांत धाडसी जागा हीच, ३९ पेक्षाही.

याच भागात ‘त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो’ हे जमावाचं वचन येतं. युरोपात शतकानुशतकं ज्यूंच्या छळासाठी हे वाक्य वापरलं गेलं. बाखचं संगीत थोर आहे म्हणून ते वाक्य निरुपद्रवी होत नाही. ते येणार हे माहीत असू द्या आणि इतिहास लक्षात ठेवून ऐका.

मग क्रमांक ५७, जिथे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा व्हिओला दा गांबा एकटा ओझं ओढत चालतो. आणि ६१. येशू म्हणतो, ‘एली, एली, लमा सबख्थनी’. या वेळी तंतुवाद्यं सोबतीला येत नाहीत. सबंध रात्र कानाला लागलेलं ते वलय नेमकं इथे विझतं. चौथी पायरी नीट केली असेल तर कुणी न सांगता कळेल. पाठोपाठ ६२, ती पाचवी फुली, सगळ्यात हळू आणि सगळ्यात विचित्र स्वरमेळांची. मग मंदिराचा पडदा फाटतो, भूकंप होतो. इथे आवाज कमी करू नका.

७. संपल्यावर

शेवटच्या समूहगानाच्या अगदी अखेरच्या स्वरमेळात वरच्या वाद्यांचा एक सूर क्षणभर खुपणारा लागतो आणि मग जागेवर येतो. रेकॉर्डिंगचा दोष नाही, लिहिलेलंच तसं आहे.

पहिल्या वेळी मधला कुठलातरी भाग कंटाळवाणा गेला असेल तर तेवढाच परत बघू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि क्रमांक ३६ ते ५० सलग बघा. नाट्य तिथेच दाटलंय.

त्यानंतर पैसे खर्च करायची तयारी असेल तर बर्लिन फिलहार्मोनिकच्या डिजिटल कॉन्सर्ट हॉलचं सदस्यत्व घेऊन संचालक सायमन रॅटल आणि दिग्दर्शक पीटर सेलर्स यांचा २०१० चा प्रयोग बघा. तिथे गायकांच्या हातात वह्या नाहीत. समूह पाठ करून गातो, चालतो, जमिनीवर बसतो, निवेदक कथेत ओढला जातो. काहींना हे जास्त वाटतं. मला आवडतं, पण पहिल्यांदा बघायला नको, कारण कोण कुणाशी बोलतंय हे तिथे दिग्दर्शक ठरवतो आणि आपलं काम उरत नाही.

बाखचंच ‘सेंट जॉन पॅशन’ १७२४ चं, सुमारे दोन तासांचं. त्यासाठी योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १८ आणि १९ काढून ठेवा. लाल पेन तेच चालेल.